एका नाडीचे सव्वीस पंचनामे

मनुष्याला हृदय एकच दिलेलं असतं आणि तेही अशा जागी बसवलेलं असतं, की ज्याचं त्याला दिसू नये. त्यामुळे त्याची काळजी वाहण्याचं काम आपोआपच शेजाऱ्यांकडे येतं. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारापासून पायी वीस मिनिटांवर असलेल्या आमच्या माडयेवाडीत हे काम कित्येक पिढ्या बिनबोभाट चालू आहे. वाडीतल्या प्रत्येक माणसाला दुसऱ्या घरातल्या सरासरी साडेतीन माणसांच्या प्रकृतीची बित्तंबातमी असते. (अर्धा माणूस म्हणजे नोकरीसाठी मुंबईला असलेला.) स्वतःच्या प्रकृतीबद्दल विचारलं तर मात्र "माका काय धाड भरलीहा?" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते पुरेसं मानलं जातं.

या परंपरेला शिस्तीचं रूप द्यावं म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही 'माडयेवाडी बालहृदय संरक्षण समिती' स्थापन केली. मी तिचा चिटणीस. पस्तीस वर्षं लेखनिक म्हणून जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिल्यामुळे माझं अक्षर वळणदार आहे आणि वाडीत कुणालाही कसलाही कागद भरायचा असला की मलाच बोलावतात. समितीच्या कार्याचा वृत्तांत पुढच्या पिढ्यांना मार्गदर्शक ठरेल, अशा समजुतीने तो इथे देत आहे.

ज्या बालहृदयाचं संरक्षण करायचं होतं ते संचिताचं. वय नऊ, इयत्ता चौथी. वडील बाळा, काजूची बाग आणि थोडी भातशेती, आई रिया, आजी राधाबाई. शाळेकडून मिळालेल्या तपशिलानुसार ही मुलगी दिवसातून सरासरी सदतीस वेळा जागेवरून उठत असे, पाच पेन्सिली उसन्या घेऊन सहा हरवत असे आणि बाईंचा प्रश्न पुरा होण्याआधीच त्याच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर देत असे. कुणकेश्वरच्या सहलीत जाताना मुलं बेचाळीस होती, देवळात बेचाळीस होती आणि परत निघताना एक्केचाळीस भरली. बेचाळिसावी किनाऱ्यावर सापडली. ती तासभर मच्छीमारांच्या रांगेत उभी राहून रापणीचं जाळं ओढत होती आणि हात लावणाऱ्याचा वाटा म्हणून तिला रीतसर दोन बांगडे मिळाले होते. बाईंनी ते जप्त केले. (पुढे बांगड्यांचं काय झालं, याची नोंद शाळेत नाही.)

आमच्या वेळी अशा मुलांना निर्गुडीचा फोक देत. तो दिवसातून तीनदा, जेवणाआधी किंवा जेवणानंतर, कसाही चाले. त्या फोकाने मुलाच्या हृदयावर काही परिणाम होतो का, याची चौकशी करायला कधी कोणी आल्याचं मला आठवत नाही.

बाळा मात्र नव्या विचारांचा. त्याने मुलीला मालवणला बालरोगतज्ज्ञ डॉक्टर तस्नीम यांच्याकडे नेलं. या बाई मालवणच्याच, बंदराजवळच्या जुन्या घरातल्या. मोठ्या शहरात शिकून परत आल्या, एवढी एकच गोष्ट त्यांच्याबद्दल संशय घेण्यासारखी होती. त्यांनी संचिताला तीनदा तपासलं, शाळेकडून आणि घरून लांबच लांब प्रश्नपत्रिका भरून घेतल्या आणि मग सांगितलं की हिला एडीएचडी आहे. म्हणजे मुलगी द्वाड नाही, मंदही नाही. लक्ष एका जागी ठेवायची तिची इच्छा असते, पण ते ठरत नाही. त्यावर त्यांनी सकाळी घ्यायची एक गोळी सुचवली, मिथाइलफेनिडेट नावाची. हे नाव मी पहिल्याच खेपेला बिनचूक लिहिलं, हे नम्रपणे नमूद करतो.

बाईंनी काहीही लपवलं नाही. या गोळीने नाडी आणि रक्तदाब किंचित वाढतात, म्हणाल्या. बहुतेक मुलांना त्याचं काही होत नाही, पण एखाद्या मुलाच्या हृदयात जन्मापासूनचा छुपा दोष असेल तर मात्र जपावं लागतं. म्हणून त्यांनी संचिताचं वजन, उंची, नाडी, रक्तदाब सगळं पाहिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि शेवटी चार प्रश्नांचा एक कागद पुढे केला. धावताना मुलीला कधी चक्कर आली आहे का? छातीत दुखतं किंवा धडधडतं का? जन्मतः हृदयाचा काही दोष सांगितला आहे का? आणि घराण्यात चाळिशीच्या आत कोणी अचानक दगावलं आहे का? बाळाने चार वेळा नकारार्थी मान हलवली आणि कागद भरायला म्हणून सोबत गेलेल्या मी चारही रकान्यांत 'नाही' असं लिहिलं. 'ही'ची वेलांटी फार सुरेख आली होती.

गोळी सुरू झाली आणि दुसऱ्या आठवड्यात गावात अस्वस्थता पसरली. संचिता वर्गात बसू लागली. नुसती बसू लागली नाही, तिने एक धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि त्यानंतर तो कशाबद्दल होता हेही सांगितलं. तीन दिवस एकही तक्रार लिहायला न मिळाल्यामुळे शाळेतल्या बाईंनी काळजीची चिठ्ठी घरी पाठवली. शेजारच्या कोंबड्या दुपारी खुराड्याबाहेर येऊन उन्हात पसरू लागल्या. शाळेच्या ग्रंथालयातून संचिताने समुद्रातल्या प्राण्यांचं एक जाडं पुस्तक आणलं आणि ती खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, तुळशीच्या कट्ट्याला टेकून ते वाचत बसू लागली. सुखाची लक्षणं दिसली की आमच्याकडे चौकशी सुरू होते. रियाने सरळपणे गोळीचं सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात नुरुद्दीनभाईंना, म्हणजे कट्ट्याच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान असलेल्या आमच्या मित्रांना, कुवेतहून मुलाने एक संदेश पाठवला. ही गोळी घेतलेल्या मुलांची हृदयं बसल्या जागी बंद पडतात, असं त्यात होतं. संदेशात तीन लाल दिवे आणि एक कवटी होती, शिवाय खाली 'अमेरिकेत बंदी' असे शब्द होते. अशा संदेशावर विश्वास न ठेवणं म्हणजे पाठवणाऱ्याचा अपमान. (अशी काही बंदी नाही, असं डॉक्टरबाईंनी नंतर कळवलं. पण त्यांच्या संदेशात एकही दिवा नव्हता.)

मग लोक बघायला येऊ लागले. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य आहे आणि आजारी माणूस आजारी आहे की नाही, ही गौण बाब आहे. माझ्या टिपणानुसार पाच दिवसांत त्रेचाळीस माणसं संचिताचं हृदय बघून गेली. त्यांना चहाचे एकाहत्तर कप लागले. ग्लुकोज बिस्किटांचे अडतीस पुडे जमा झाले. 'बाय गो, कशी होती आणि कशी झाली' हे वाक्य बावन्न वेळा उच्चारलं गेलं, त्यातल्या एकोणीस वेळा ती कशी होती हे बोलणाऱ्याला माहीत नव्हतं. उपाय एकूण सव्वीस सुचवले गेले. त्यांपैकी सात परस्परविरोधी होते आणि तीन बैलासाठीचे होते. जिच्या हृदयाचा प्रश्न होता त्या मुलीला 'तुका कसा वाटता?' असं कोणी विचारल्याची नोंद नाही.

रिया मुळात धीराची बाई. पण त्रेचाळीस माणसं एकामागून एक येऊन तोंडाला पदर लावू लागली की धीर किती पुरणार? सहाव्या दिवशी दुपारी मी गेलो तर मुलगी चटईवर पुस्तक वाचत पालथी पडली होती आणि आई तिच्या पाठीला कान लावून बसली होती. मुलगी पान उलटायला हलली की आई दचकत होती. ते बघून मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की माणसाने समिती नेमावी, असं माझं मत आहे.

समितीची पहिली सभा कट्ट्याच्या बसथांब्यासमोर परशुरामच्या हॉटेलात झाली. खुर्च्या त्याच्या असल्यामुळे तोच अध्यक्ष झाला. कांदाभजीच्या तीन फेऱ्यांनंतर पुढील ठराव मंजूर झाले. एक, हृदय ही राष्ट्रीय संपत्ती असून बालहृदय ही त्याहून अधिक. दोन, उक्त गोळी तात्काळ थांबवावी. तीन, उरलेल्या गोळ्या लाखेने मोहोरबंद करून हॉटेलच्या काचेच्या कपाटात, मालवणी खाजा आणि शेंगदाण्याचे लाडू यांच्या मधल्या फळीवर, सर्वांना दिसतील अशा ठेवाव्यात. चार, अर्भकाचं (दुरुस्ती: मुलीचं) हृदय सुरक्षित असल्याचं सिद्ध होईपर्यंत दररोज सायंकाळी पाच वाजता पंचांसमक्ष नाडी मोजून पंचनामा करावा. सर्व ठराव एकमताने झाले. राधाबाई कोपऱ्यातल्या बाकावर बसून होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून त्यांचं मत मोजलेलं नाही.

नाडी पंचनामा ही आमच्या वाडीने देशाला दिलेली देणगी आहे. पाच पंच खळ्यात अर्धवर्तुळाकार बसत. परशुराम मनगट धरी, नुरुद्दीनभाई घड्याळ पाहत, दोन पंच मुलीच्या चेहऱ्याकडे रोखून बघत आणि मी लिही. पहिल्या दिवशी नाडी एकशे बत्तीस भरली. मुलगी त्याआधी अर्धा मिनिट काजूच्या झाडावरून उतरली होती, पण झाडाचा उल्लेख नमुन्यात नसल्यामुळे तो केला नाही. दुसऱ्या दिवशी तिला आधी दहा मिनिटं बसवून ठेवलं. पाच म्हातारे तोंडाकडे टक लावून बघत असताना नाडी एकशे चाळीस झाली. तिसऱ्या दिवशी परशुरामने मुलीची म्हणून चुकून स्वतःचीच नाडी धरली आणि त्या नाडीत ठोके सापडेनात म्हणून घरात रडारड झाली.

दहाव्या पंचनाम्याच्या वेळी रियाने लक्षात आणून दिलं की मुलीने दहा दिवसांत गोळी घेतलेलीच नाही, मग हे आकडे गोळीचे कसे? प्रश्न अवघड होता. समितीने त्यावर दोन प्लेट भजी खर्ची घातली आणि निष्कर्ष काढला: ज्या गोळीचा परिणाम ती न घेताही इतका होतो, ती घेतल्यावर काय करत असेल? हा निष्कर्ष मी लाल शाईने लिहिला.

शास्त्रीय पद्धतीत तुलना लागते, असं नुरुद्दीनभाईंनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांच्याकडे मुलाने कुवेतहून आणलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, डबा न फोडलेलं. निरोगी माणसाचे आकडे हाताशी असावेत म्हणून आधी पंचांनी स्वतःला मोजून घेतलं. परशुराम एकशे शहाण्णव आणि एकशे बारा. नुरुद्दीनभाई एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे चार. माझे आकडे इथे देत नाही, कारण त्यांचा अहवालाच्या विषयाशी संबंध नाही. सर्वानुमते यंत्र बिघडलेलं ठरवण्यात आलं. बाजारातल्या औषधाच्या दुकानातून दुसरं मागवलं, तर तेही तसंच बिघडलेलं निघालं. तिसरं मालवणहून आणलं, त्यात परशुराम दोनशेवर गेला. तीच तिन्ही यंत्रं संचिताला लावली तेव्हा तिन्हींनी शंभर आणि चौसष्टच्या आसपास आकडे दाखवले. म्हणजे यंत्रं बिघडलेली नव्हती. ती लहान मुलांसाठी बनवलेली होती. हाही निष्कर्ष लाल शाईने लिहिला आणि भजी मागवली.

या काळात संचिताची प्रगती पूर्ववत झाली. रोज सदतीस वेळा उठण्याचा जुना आकडा तिने पहिल्याच आठवड्यात गाठला. शाळेतल्या बाईंची वही पुन्हा भरू लागली. कोंबड्या खुराड्यात परतल्या. एका दुपारी शाळा सुटल्यावर, रस्त्यापलीकडे भारद्वाज दिसला म्हणून ती चिरे भरलेल्या ट्रकसमोरून धावत गेली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तेव्हा वरचे चार चिरे रस्त्यावर आले आणि मुलगी पलीकडे पक्षी बघत उभी होती. प्रकरण समितीपुढे आलं. परंतु ट्रकचा हृदयाशी संबंध नसल्याने ते विषयपत्रिकेवर घेता आलं नाही.

सव्विसावा पंचनामा मला चांगला आठवतो. नाडी एकशे अठरा होती. परशुरामने मनगट सोडलं तरी मुलगी उठून पळाली नाही. तिने समुद्राच्या पुस्तकातलं एक पान दुमडून ठेवलं होतं, ते पुस्तक तिने माझ्यासमोर धरलं. माकुलाचं, म्हणजे दहा हातांच्या त्या प्राण्याचं चित्र होतं.

"हयसर थांबलंय मी," ती म्हणाली. "गोळी घेतल्यार माका पान दिसता. नायतर सगळाच दिसता."

नमुन्यात अशा विधानासाठी जागा नव्हती. मी ते 'इतर' या रकान्यात लिहिलं. घरी गेल्यावर अध्यक्षांना न विचारता डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं, सव्वीस पंचनामे सोबत जोडले आणि पाठवून दिलं. बाईंचा निरोप लगेच आला: सगळ्यांनी या, मुलीला आणा, घरातली मोठी माणसंही आणा.

शिष्टमंडळ नऊ जणांचं होतं. नुरुद्दीनभाईंच्या टेंपोतून गेल्यामुळे आम्ही दवाखान्यात पोचण्याआधी आमचा सुकटीचा वास पोचला आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या मंडळींनी आम्हाला आपणहून पुढे जाऊ दिलं. आत दोन खुर्च्या होत्या. एकीवर परशुराम बसला, दुसरीवर राधाबाई. बाईंनी सव्वीसही पंचनामे वाचले होते, लाल शाईसकट. लेखनिकाला असा वाचक आयुष्यात एकदा भेटतो. त्या हसल्या नाहीत, हे त्यांच्या संस्कारांचं लक्षण होय.

मग त्या शांतपणे बोलल्या. कचेरीतल्यासारखं शुद्ध बोलायला सुरुवात केली होती, पण राधाबाईंकडे बघून त्या आपल्या बोलीवर आल्या. मुलीला काही होईल याची भीती वाटते हे चांगलं आहे, म्हणाल्या, भीती वाटायलाच हवी, फक्त ती योग्य जागी वाटायला हवी. पाच माणसांनी नाडी धरून काही कळत नाही. कळायचं ते बरंचसं त्या चार प्रश्नांतून कळतं. चारही उत्तरं खरोखर 'नाही' असतील तर उद्या सकाळपासून गोळी सुरू करा आणि दर तीन महिन्यांनी मला दाखवा. पण एक जरी 'होय' असेल, तर आधी हिचं हृदय नीट बघितल्याशिवाय मी गोळी देणार नाही. एवढं बोलून त्यांनी मी भरलेला कागद पुन्हा पुढे केला.

बाळाने नकारार्थी मान हलवली. परशुरामने मान हलवली. नुरुद्दीनभाईंनी हलवली. मी खिशातून पेन काढलं.

"थांब रे," राधाबाई म्हणाल्या. "चवथ्यार नाय लिवू नको."

राधाबाई डॉक्टरबाईंकडे बघत होत्या, आमच्याकडे नाही.

"माजो थोरलो झिल दत्ताराम. चोवीस वर्साचो होतो. सकाळची गाडी पकडूक धावलो आणि धावता धावता पडलो, तो उठाकच नाय. त्याच्याआदी दोनदा घेरी इल्ली तेका. माडावरसून पडलो म्हणान सगळे सांगतत. बाय गो, माजो झिल त्या माडार कधी चडाकच नाय."

आता वाचकांना थोडी माहिती देणं भाग आहे. मृत्यूचं कारण ठरवण्याची आमच्या वाडीची स्वतंत्र पद्धत आहे. माणूस कशाने गेला हे वैद्यकीय असेल, पण तो कशाने गेला म्हणून सांगायचं, हे मयताला जमलेली माणसं ठरवतात. सोळा वर्षांपूर्वी दत्ताराम गेला तेव्हा त्याच्या बहिणीचं लग्न वैभववाडीच्या स्थळाशी ठरलेलं होतं, मुहूर्त दोन महिन्यांवर. चोवीस वर्षांचा धडधाकट पोरगा नुसता धावता धावता मेला असं कळलं असतं तर त्या मंडळींनी घराण्याच्या रक्तात काहीतरी आहे म्हणून नारळ परत पाठवला असता. म्हणून अंगणात बसलेल्या आम्हा वीसेक माणसांनी एकमताने ठरवलं की तो माडावरून पडला. नोंदवहीत तसं लिहिलं तर पोलीस आणि शवविच्छेदन आलं असतं, म्हणून तिथे मी 'अल्पशा आजाराने' असं लिहिलं. तोंडी 'अल्पशा आजाराने' म्हटलं असतं तर कोणता आजार म्हणून विचारलं असतं, म्हणून तोंडी माड. अशा रीतीने दत्ताराम एकाच सकाळी कागदावर एका कारणाने, बोलण्यात दुसऱ्या आणि प्रत्यक्षात तिसऱ्याच कारणाने वारला.

माडाबद्दल शंका राहू नये म्हणून तेराव्यानंतर आम्ही तो तोडला. परसातला तरणा माड, वर्षाला ऐंशी-नव्वद नारळ देणारा. कुऱ्हाडीचा पहिला घाव परशुरामने घातला आणि त्या वेळी तो माडाला शिव्या देऊन रडला, तेही खरंखुरं. पुढे सोळा वर्षं आम्ही ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली की बाळा पाहुण्यांना माडाचं खोड नेऊन दाखवत असे. त्याने डॉक्टरबाईंसमोर मान हलवली तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. त्याचा भाऊ माडावरून पडला होता.

आणि मी त्या दवाखान्यात हातात पेन घेऊन उभा होतो. बालहृदय संरक्षण समितीचा चिटणीस. सव्वीस दिवस या मुलीच्या मनगटावर डोळा ठेवून होतो, आणि तिच्या जिवावर बेतू शकेल अशी एकच गोष्ट जगात होती, ती मी स्वतःच्या हाताने लिहून पुरली होती. मला शरम वाटली. घामही फुटला, पण तो रक्तदाबाचाही असू शकेल.

डॉक्टरबाई कोणावर रागावल्या नाहीत. राधाबाईंचा हात त्यांनी थोडा वेळ हातात धरला. मग मला म्हणाल्या, "लिहा आता." मी 'नाही' खोडलं. पस्तीस वर्षांत माझ्या कागदावर खाडाखोड नव्हती.

त्याच दिवशी संचिताचा ईसीजी झाला. पुढच्या आठवड्यात गोव्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे सोनोग्राफीसारखी तपासणी ठरली. बाईंनी समजावून सांगितलं की काकाला होतं म्हणजे पुतणीला आहेच असं नाही. आपण देण्याआधी बघतोय, एवढंच. दत्तारामच्या सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, म्हणाल्या. तो एक आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. त्या आठवड्यात समितीची सभा झाली नाही आणि परशुरामच्या हॉटेलात भजी उरत होती.

गोव्याला मीही गेलो. तपासणीच्या खोलीबाहेर रिया भिंतीला टेकून उभी होती, राधाबाई खाली फरशीवर बसल्या होत्या, आणि आतून संचिताचा आवाज येत होता. पडद्यावर स्वतःचं हृदय दिसतंय म्हटल्यावर तिने तिथल्या डॉक्टरांना ओळीने चौदा प्रश्न विचारले. माकुलाला तीन हृदयं असतात हेही तिने त्यांना सांगितलं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे, गोळी द्यायला हरकत नाही, तपासण्या वेळच्या वेळी करा. बाळाचंही सगळं ठीक निघालं. रिया रडली, मग हसली, मग कँटीनमध्ये जाऊन तिने एकटीने दोन वडे खाल्ले. मी आनंदाने अक्षरशः उडी मारली आणि पहारेकऱ्याने मला बसायला सांगितलं.

काचेच्या कपाटातली मोहोर दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष फोडण्यात आली. (गोळ्या मोजून बरोबर भरल्या, खाजा मात्र कमी भरला.) संचिताने माकुलापासून पुढे वाचायला घेतलं आणि दहा दिवसांत पुस्तक संपवलं. तीन महिन्यांनी नाडी सहा ठोक्यांनी वाढलेली आढळली, वजन अर्धा किलो कमी, ते दुपारच्या भुकेचं वेळापत्रक बदलून भरून काढलं. कोंबड्या उन्हात आहेत.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी शिष्टमंडळाचाही रक्तदाब मोजून घेतला होता. नऊपैकी सहा जणांना कायमच्या गोळ्या लागू झाल्या. परशुराम त्याच्या गोळ्या चहापावडरच्या डब्यात लपवतो, नुरुद्दीनभाई सोड्यांच्या पोत्यामागे, आणि माझ्या कुठे असतात ते सांगत नाही. गावाला कळलं तर सगळे बघायला येतील.

राहता राहिली दत्तारामची बहीण. निरोप सांगायला मी स्वतः वैभववाडीला गेलो. तिने मला घरी न बोलावता स्टेशनवर बोलावलं आणि फलाटावर उभं राहूनच सगळं ऐकलं. तिला बारा वर्षांचा मुलगा आहे, कबड्डी खेळतो. सासरी माडाचं सांगितलेलं आहे, म्हणाली. आता ईसीजी काढायचा तर कशासाठी म्हणून विचारतील. नणंदेचं लग्न ठरतंय, तेवढं होऊन जाऊ दे, मग बघू. ही अडचण आम्हीच तिला आंदण दिली होती. मी मुलाचं नाव आणि जन्मतारीख तेवढी लिहून घेतली आणि डॉक्टरबाईंना कळवली. दर पंधरा दिवसांनी तिला फोन करतो. लग्न अजून ठरतंय.

मृत्यूच्या नोंदीत दुरुस्ती व्हावी म्हणून मी अर्ज केला आहे. अर्जात चूक कशामुळे झाली ते विचारलं होतं, त्यात 'लेखनिकाने खोटं लिहिलं' असा पर्याय नव्हता.

समिती बरखास्त झाली असून हा तिचा अंतिम अहवाल आहे. वाचकांपैकी पुष्कळजण इथवर येताना अधूनमधून हसले असतील. खेड्यातली माणसं, लाल शाई, बिचारा माड. समितीला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त जाण्याआधी तो चौथा प्रश्न आपल्यालाही विचारावा असं ठरलं आहे: आपल्या घराण्यात चाळिशीच्या आत अचानक कोण गेलं? घाई नाही, आठवून सांगा. नाव आठवलं ना? ते कशाने गेले म्हणून सांगायचं असतं, तेही लगेच आठवलं असेल. आणि त्यापाठोपाठ यंदा घरात लग्नाचं कोण आहे, हेही.

पेन उघडून बसलो आहे. काय लिहू?